रोमन कोलिरियम: केशराची औषधकांडी, दगडी शिक्का आणि पुण्यातला पावसाळा (प्रकल्प नोंदी)

५ जून

ऑगस्टमधल्या प्रदर्शनात रोमन वैद्यकाचे टेबल माझ्याकडे आले आहे. नुसते तक्ते लावले की लोक नजर टाकून पुढे सरकतात, म्हणून या वेळी वस्तू करून मांडायच्या. मुख्य वस्तू कोलिरियम: डोळ्यांच्या औषधाची वाळवलेली कांडी, आणि तिच्यावर नाव उठवणारा दगडी शिक्का. बाजूला लिकियम या डोळ्यांच्या दुसऱ्या औषधाची कुपी, बियांनी भरलेली हाडाची नळी आणि नवसाचे डोळे.

कुणी हे वाचून स्वतः करणार असेल तर आधीच सांगतो. यातले काहीही डोळ्यात घालायचे नाही, चाटून बघायचे नाही. ही प्रतिकृती आहे, औषध नाही.

कृती रोमन लेखक सेल्सस याच्या वैद्यकावरच्या ग्रंथाच्या सहाव्या भागातून घेतली. सम्राट तिबेरियसच्या काळातला (इसवी सनाचे पहिले शतक) हा लेखक वजनांसकट कृती देतो, त्यामुळे काम सोपे होईल असे वाटते. पण बहुतेक कृतींत सफेता (म्हणजे शिसे), तांब्याचा खवला किंवा अफू आहे. फिलोच्या कांडीत सफेता, स्पोडियम (धातू वितळवताना जमणारी राख) आणि डिंक प्रत्येकी एक भाग, आणि भाजलेली अफू दोन भाग! ती बाद. शेवटी निलेउसची कृती धरली: डिंक १, केशर २, ताज्या गुलाबपाकळ्या ४, अगदी थोडी भारतीय जटामांसी आणि तेवढीच अफू. कालवायला पावसाचे पाणी किंवा हलकी वाइन. अफू परवान्याशिवाय ठेवणे आपल्याकडे गुन्हा आहे, ती गाळली. या कृतीत ती इतकी कमी आहे की कांडीच्या बांधणीत काही फरक पडत नाही.

वजनांचे: निलेउसच्या कृतीतले आकडे दिनारांचे आहेत (दिनार हे रोमन नाणे, वजन म्हणूनही वापरायचे). सेल्सस स्वतः सांगतो की एका उन्सियात (रोमन औंसात) सात दिनार. म्हणजे लिब्रात (बारा उन्सियांच्या रोमन पौंडात) ८४, आणि लिब्रा साधारण ३२७ ग्रॅम धरला तर दिनार ३.९ ग्रॅम. नेटवरचे बरेच तक्ते नंतरचा हलका दिनार (लिब्रात ९६, म्हणजे ३.४ ग्रॅम) धरतात. एका कृतीत प्रमाण तेच राहते, पण दोन तक्त्यांतले आकडे मिसळले तर गोंधळ होतो.

८ जून

खरेदी. पूर्ण कृतीला जवळजवळ आठ ग्रॅम केशर लागते. आजच्या भावाने अडीच-तीन हजारांचा खेळ. म्हणून पाव प्रमाण: डिंक १ ग्रॅम, केशर २, पाकळ्या ४. जटामांसी चिमूटभर. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पाचशेच्या आसपास मिळाला. साधा स्वयंपाकघरातला काटा इथे निरुपयोगी आहे.

काष्ठौषधीवाल्याने जटामांसी पुडीत बांधून दिली ती शंभर रुपयांच्या आतच. रोमन लेखक प्लिनीच्या वेळी जटामांसीच्या उत्तम तुऱ्यांचा भाव लिब्राला १०० दिनार होता, आणि पहिल्या शतकातल्या लीजनच्या (रोमन सैन्यदलाच्या) साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार २२५. हे टेबलावरच्या पाटीवर लिहायचे.

१४ जून

पहिला घाणा वाया गेला.

सगळे एकत्र मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवले. केशर ओलसर होते, ते भांड्याला आणि पात्याला चिकटले. पाकळ्यांचा चोथा झाला. डिंक तर विरघळलाच नाही, पाण्यात फुगून त्याच्या लिबलिबीत गाठी झाल्या. साडेसहाशे-सातशे रुपयांचे केशर त्या गाठींत अडकले.

डिंकाचे कारण संध्याकाळी कळले. दुकानात ‘डिंक’ मागितला की लाडवांचा डिंक देतात, आणि तो बऱ्याचदा धावड्याचा असतो. तो पाण्यात पुरता विरघळत नाही. रोमनांकडे यायचा तो इजिप्तच्या बाभळीच्या जातीचा, म्हणून आपल्यालाही बाभळीचाच हवा, तोही स्वच्छ, फिकट खड्यांचा. घेण्याआधी एक खडा कोमट पाण्यात रात्रभर टाकून बघा. सकाळी तळाशी जेली दिसली तर परत करा.

मिक्सरचा प्रश्न सेल्ससने दोन हजार वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला आहे: प्रत्येक जिन्नस आधी वेगळा कुटायचा, मग एकत्र, आणि द्रव थोडा थोडा. मी ती ओळ वाचून पुढे गेलो होतो.

१७ जून

यापुढे सराव हळदीवर. केशराच्या जागी हळद आणि थोडी काव, बाकी तेच. रंग जवळपास जुळतो आणि चुकले तर दोन रुपये जातात.

आजचा क्रम: बाभळीचा डिंक आदल्या रात्री दुप्पट पाण्यात भिजवून मलमलच्या फडक्यातून गाळला. पाकळ्या पाट्यावर वाटल्या. मिक्सर कापतो, पाटा चिरडतो. या कामाला चिरडणेच लागते, कारण पाकळीची शीर राहिली की पुढे ठशाच्या अक्षरात आडवी येते. गुलाब गावठी घ्या, गुलकंदाचा. फुलवाल्याकडचे लांब दांड्याचे गुलाब फवारलेले असतात आणि त्यांना वासही नसतो.

जटामांसी केसाळ आहे, खलात नुसती गोल फिरते. कात्रीने बारीक कापून मग कुटली आणि वस्त्रगाळ केली.

गोळा हाताला चिकटेनासा होईपर्यंत मळून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या वळल्या आणि सावलीत ठेवल्या.

२४ जून

बुरशी. पांढरी, मग हिरवट. पावसाचा जोर आहे, हवेत पाणी आहे आणि कांडीत गुलाबाची साखर. सावलीत वाळवा हे भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हाळ्याला ठीक आहे. इथे जून-जुलैत सावली म्हणजे दमटपणा.

२ जुलै

बुरशी टाळायला पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना ४० वॉटचा दिवा लावला. कांड्या एका रात्रीत कडक झाल्या आणि सगळ्या उभ्या तडकल्या. बाहेरचे कवच आधी सुकते, आतला ओला भाग नंतर आकसतो, आणि मधे फूट पडते.

तडे थांबवायला एक जुनी युक्ती करून पाहिली. इटलीतल्या तोस्कानाच्या किनाऱ्याजवळ, बरात्तीच्या आखातात, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले एक जहाज बुडालेले सापडले. त्यातल्या कथलाच्या डबीत चपट्या गोल औषधी वड्या होत्या, साधारण चार सेंटिमीटर व्यासाच्या. २०१३ साली त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले: जस्ताची संयुगे, पाइनची राळ, पिठूळ भाग, चरबी आणि जवसाच्या झाडाचे (लिननचे) तंतू. तंतू वडी फुटू नये म्हणून घातले असावेत असा संशोधकांचा अंदाज. मी जुन्या लिननच्या रुमालाचे धागे पिंजून घातले. तडे खरोखरच कमी झाले! पण शिक्का मारल्यावर प्रत्येक धागा अक्षरातून डोके वर काढतो. ती वडी होती, तिच्यावर नाव नव्हते. माझ्या कांडीला नाव हवे. धागे बंद.

६ जुलै

वाळवण्याचे जमले. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेल, वर जाळी, जाळीवर कांड्या. पहिले दोन दिवस झाकण किलकिले, मग बंद. उष्णता अजिबात नाही. सिलिका जेल निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर तापवून परत वापरायचे. कांडी रोज पाव फेरा फिरवायची, नाहीतर खालची बाजू चपटी होते. डबा आणि जेल मिळून तीनशेच्या आत.

कालवायला पाण्याऐवजी कोरडी पांढरी वाइनही वापरून पाहिली. त्या कांडीवर बुरशी उशिरा आली, पण आली. वाइनवर भरवसा ठेवून डबा टाळू नका.

१३ जुलै

शिक्का. असे शिक्के तीनशेहून अधिक सापडले आहेत, आणि त्यांतले बहुतेक गॉल (आजच्या फ्रान्सचा भाग), जर्मेनिया (ऱ्हाइनकाठ) आणि ब्रिटन या प्रांतांतले. मऊ, बहुधा हिरवट दगडाची चौकोनी चकती, आणि तिच्या चारही कडांवर उलटी कोरलेली अक्षरे. एका कडेवर वैद्याचे नाव, औषधाचे नाव आणि कशावर, एवढे सगळे बसवलेले. म्हणजे एकाच दगडावर चार औषधे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १९८३ साली एका नेत्रवैद्याच्या कबरीत कप्प्यांची डबी निघाली, तिच्यात कोलिरियमच्या कांड्या होत्या आणि काहींवर ठसेही होते.

मी ‘क्रोकोदेस’ हे नाव घेतले, म्हणजे केशरी. शिक्क्यांवर ते वारंवार येते आणि आपल्या कांडीत केशर भरपूर आहे. निलेउसचे नाव टाकले नाही, पाटीवर मात्र कृती त्याची आहे असे लिहिले. वैद्याचे नाव कोरले नाही. खोटा वैद्य कशाला जन्माला घाला?

दगड: मूर्तिकाराकडून सोपस्टोनचा तुकडा, फुकट. कानशीने घासून चार सेंटिमीटर चौरस, एक सेंटिमीटर जाड. कोरायला दातांच्या दवाखान्यातून टाकून दिलेले टोकदार हत्यार आणले, ते कंपासच्या टोकापेक्षा कितीतरी बरे. दगडाची भुकटी नाकात जाते, तेव्हा मास्क लावून आणि दगड ओला ठेवून काम करा.

नाव लॅटिन लिपीत. त्यातली दोन ‘ओ’ फुकटात येतात, उलटे-सुलटे सारखेच. ‘सी’, ‘आर’, ‘डी’, ‘ई’, ‘एस’ ही खरी दुखणी. पहिल्या कडेवर ‘एस’ सुलटा कोरला गेला. ती कड घासून सपाट केली, दोन मिलिमीटर दगड गेला. दुसऱ्या कडेपासून पद्धत बदलली: नाव ट्रेसिंग पेपरवर लिहायचे, कागद पालथा घालायचा, खाली कार्बन ठेवून दगडावर उतरवायचे. मग डोक्याला काम नाही, हाताला आहे. प्रत्येक अक्षरानंतर कणकेच्या गोळीवर ठसा घेऊन तपासायचा.

अक्षरे तीन मिलिमीटरपेक्षा लहान करू नका. खऱ्या शिक्क्यांवर ती लहान असतात आणि जोडाक्षरेही केलेली असतात, जागा वाचवायला. तो हात आपला नाही.

२१ जुलै

ठसा कधी मारायचा यात सगळा जीव आहे. वळल्या वळल्या मारला तर कांडीचा लगदा अक्षरांत बसतो, दगड उचलला की अर्धी कांडी दगडासोबत येते. दोन दिवसांनी मारला तर कांडी तडकते. मधली वेळ अशी ओळखायची: नख टेकवले तर खूण उमटते, पण नखाला काही लागत नाही. माझ्या डब्यात ही अवस्था साधारण पंधरा-वीस तासांनी येते. तुमच्या हवेत वेगळी येईल, नखावर विश्वास ठेवा.

दगडाला आधी तेलाचे बोट लावून पाहिले. ठसा सुटतो, पण कांडीवर तेलकट डाग राहतो. संगजिऱ्याची पूड ब्रशने मारून झटकली की दोन्ही प्रश्न मिटतात. कांडी आधी एका बाजूने पट्टीने किंचित चपटी करा. गोल अंगावर ठशाची वरची-खालची टोके उमटत नाहीत.

आणि मग केशर. हळदीचा सराव पुरे झाला होता. केशर तव्यावर क्षणभर शेकले, श्रीखंडासाठी करतो तसे, म्हणजे खलात चुटकीसरशी पूड होते. दोन बारीक कांड्या निघाल्या. एकीवर नाव स्वच्छ, दुसरीचा शेवटचा ‘एस’ अर्धा. दोन्ही ठेवल्या.

इतका वेळ घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की या धंद्यातली खरी कारागिरी डिंकात आणि वाळवणीत होती. सेल्ससही डिंकाचा हाच गुण सांगतो: कांडी जुनी होऊन सुकली तरी भुगा होत नाही, धरून राहते. महिनोन्‌महिने डबीत फिरणारे, सैनिकासोबत ऱ्हाइनच्या काठापर्यंत जाणारे औषध असेच हवे. केशर आणि जटामांसी नुसत्या पैशाने मिळत होती.

२४ जुलै

उगाळून पाहिले. वैद्य ही कांडी दगडी पाटीवर पाण्यात, अंड्याच्या पांढऱ्यात किंवा बाईच्या दुधात उगाळायचे. ‘अंड्यासोबत’ अशी सूचना काही शिक्क्यांवर कोरलेलीच असते. घरातली सहाण घेतली. आईने लगेच ओळखले, बाळगुटीच आहे की ही. ज्याने सहाणेवर वेखंड आणि मुरुडशेंग उगाळताना पाहिली आहे त्याला या टेबलासमोर जास्त काही समजवावे लागणार नाही, म्हणून सहाण टेबलावरच ठेवायची ठरवली.

पाण्यात दहा-बारा फेऱ्यांत गडद पिवळा रंग सुटतो. अंड्याच्या पांढऱ्यात फेस होतो, पण लेप एकसारखा बसतो. डिंक दीड पट घातलेली सरावाची कांडी मात्र उगाळलीच जात नाही, सहाणेवर नुसती घसरते. डिंक वाढवून तडे झाकायचा मोह होतो, करू नका.

२९ जुलै

लिकियम. हे टेबलावरचे आपल्या बाजूचे औषध. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, लिकियम आणि पिंपळी आहेत. त्याच बंदरात पैठण आणि तेरचा माल गाड्यांनी उतरायचा. उलट दिशेने येणाऱ्या मालात सुरम्याचा दगडही आहे, म्हणजे डोळ्यांचा धंदा दोन्ही बाजूंनी चालू होता. भारतीय लिकियम म्हणजे दारुहळदीचे आटवलेले सत्त्व, आपले रसांजन. प्लिनी सांगतो की ते उंटाच्या आणि गेंड्याच्या कातड्याच्या पिशव्यांतून यायचे.

पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस खऱ्या मालाची पारख देतो: पेटते, विझवल्यावर लालसर फेस येतो, बाहेरून काळे, मोडल्यावर आत पिवळट. भेसळ कशाची होते तेही तो सांगतो: तेलाचा गाळ, कडू दवण्यासारख्या वनस्पतीचा रस, बैलाचे पित्त. दोन दुकानांतून पन्नास-पन्नास ग्रॅम आणून तपासले. एक मोडल्यावर पिवळट तपकिरी, धूर काढत पेटले, विझवताना कडेला लालसर बुडबुडे आले. दुसरे आतबाहेर कोळशासारखे काळे, पेटलेच नाही आणि पाण्यात टाकल्यावर तळाशी वाळू बसली. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवणार. पेटवताना चिमटा वापरा आणि गॅलरीत करा, वास दोन दिवस जात नाही.

कुपी कुंभाराकडून. सिसिलीतल्या मोर्गान्तिनाला अशा इटुकल्या कुप्या सापडल्या आहेत, त्यांवर लिकियम हे नाव ग्रीकमध्ये ठोकलेले. माझी त्यापेक्षा मोठी झाली, कारण त्याहून लहान फिरवायला कुंभार तयार होईना.

३ ऑगस्ट

उरलेल्या दोन वस्तू एका दमात.

हाडाची नळी: नेदरलँड्समधल्या हाउटेन-कास्टेलम इथे मेंढी किंवा बकरीचे पोकळ केलेले मांडीचे हाड मिळाले, इसवी सन ७० ते १०० च्या सुमाराचे. आत खुरासानी ओव्याच्या शेकडो बिया, आणि तोंडाला बर्चच्या डांबराचे बूच. ही बी विषारी आहे. डोके फिरवते हे प्लिनीलाही ठाऊक होते. खरी बी काष्ठौषधीवाल्याकडे मिळते, पण ज्या टेबलाशी शाळकरी मुले येणार तिथे ती ठेवायची नाही. राजगिरा भरला. खाटकाकडून नळी आणून उकळली, सोड्यात ठेवली, तरी वास राहिला. शेवटी उन्हाचा एक दिवस मिळाला तेव्हा गेला. बुचाला मेण आणि काजळी.

नवसाचे डोळे: फ्रान्समधल्या सेन नदीच्या उगमाशी सेक्वाना देवीचे ठाणे होते, तिथे लोक पातळ पत्र्यावर उठवलेले डोळे वाहायचे. तांबट आळीतून पत्र्याचे कातरण आणले, रबरावर ठेवून बॉलपेनच्या बोथट टोकाने मागून दाबले. सगळ्यांत सोपे काम, आणि दिसते सर्वांत छान. कडा कानशीने मारा, बोटे कापतात.

शेजारच्या पाटीवर औषधांवर पुस्तक लिहिणाऱ्या बोर्दोच्या मार्सेलसचा तोडगा लिहिला: वर्षातली पहिली पाकोळी दिसली की न बोलता झऱ्यावर किंवा विहिरीवर जायचे, डोळे धुवायचे आणि यंदा डोळे येऊ नयेत अशी प्रार्थना करायची. त्याच्याच पुस्तकात पुढेमागे मलमांच्या काटेकोर मापांच्या कृती आहेत. त्याला या दोन गोष्टी वेगळ्या कपाटांत ठेवाव्याशा वाटल्या नाहीत, म्हणून मीही पत्र्याचे डोळे कांड्यांच्या शेजारीच मांडले. ‘विधी’ असा वेगळा कोपरा करा अशी सूचना आली होती, ती मानली नाही.

१७ ऑगस्ट

प्रदर्शन झाले. गर्दी सहाणेपाशी. हळदीच्या कांड्या लोकांनी उगाळून संपवल्या, केशराच्या काचेखाली होत्या म्हणून वाचल्या. पुढच्या वेळी सरावाच्या कांड्या दुप्पट करा.

सगळ्यांत जास्त विचारलेला प्रश्न: रोमन लोक अफूबाज होते का? याला टेबलावर उत्तर नव्हते, तोंडी सांगितले ते असे. वैद्य गालेन लिहितो की सम्राट मार्कस ऑरेलियस रोज थेरियाक घ्यायचा. विषावरचा तो उतारा नीरोच्या वैद्याने, आंद्रोमाखुसने, चौसष्ट जिनसांचा केला होता आणि त्यात अफू होती. दिवसा गुंगी येते म्हणून सम्राटाने अफू काढायला लावली, मग झोप येईना, मग परत घातली. ऐकणाऱ्याने आपापला निष्कर्ष काढावा. याची पाटी पुढच्या वेळी हवी.

नेत्रतज्ज्ञ असलेल्या एका बाईंनी डिंकाची चौकशी केली आणि ‘हे डोळ्यात गेले तर जंतुसंसर्ग होईल’ असे बजावून गेल्या. पाटीवरचा इशारा तेव्हापासून मोठ्या अक्षरांत लावला. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तसाच लावा.

खर्च, वाया गेलेल्या केशरासकट, साडेतीन हजारांच्या आसपास. त्यातले निम्म्याहून जास्त केशर आणि काटा. वेळेचे म्हणाल तर जून जवळजवळ पूर्ण बुरशीत गेला. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत घेतले असते तर डबा आणि सिलिका जेल लागलेच नसते.

शिक्क्याच्या दोन कडा अजून कोऱ्या आहेत. पुढची कांडी बोळाची, ‘दियास्मिर्नेस’. त्या नावात ‘आय’, ‘ए’, ‘एम’ आणि ‘वाय’ फुकट येतात. हिराबोळ मात्र पावसाळ्यात कुटू नका, खलाला डांबरासारखा बसतो. तासभर फ्रीजरमध्ये ठेवून मग कुटला की पूड होते, एवढे आत्ताच करून पाहिले आहे.